लांबट चेंडूचे आप्पा

कर्जतच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि जवळच्या भिसेगावात मी बिऱ्हाड केले त्या दिवशी माझ्या डोक्यावर वळकटी होती, एका हातात पुस्तकांची पेटी आणि दुसऱ्या हातात आईने दिलेली तांदळाची पिशवी. शेजारच्या ओटीवर पन्नाशी ओलांडलेला एक उंच, काळासावळा माणूस सुजलेला पाय पाटावर ठेवून बसला होता. त्याने मला ओझे उतरवायला सांगितले नाही. नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, फार काय, जातही विचारली नाही. मला खालपासून वरपर्यंत एकदा न्याहाळून तो म्हणाला,

“चेंडू गोल बरा का लांबट?”

मी नुकताच बी. ए. झालो होतो. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मीच पहिला. त्यामुळे कुणी काही विचारले की उत्तर दिलेच पाहिजे, अशी माझ्या मनाला सवय जडलेली. परीक्षकापुढे उभे असल्यासारखा मी म्हणालो, “गोल.”

त्याने खेदाने मान हलवली. “शिकलेली मान्सं सगळी गोलच म्हनतात.”

आतून बाईचा आवाज आला, “अवो, आदी पानी तरी इचारा त्यांला! मागल्या भाडेकऱ्याला असंच इचारून पळवलात.”

हे आप्पा आणि आतल्या त्या साळूकाकू. पुढे मला कळले की आप्पा हा प्रश्न सर्वांनाच विचारतात. टपालवाल्याला विचारून झाला होता, पुराणिकबुवांना झाला होता, आणि लस टोचायला आलेल्या डॉक्टरलाही विचारला होता. डॉक्टर म्हणाला, “मला चेंडू नको, तुमचा दंड पुढे करा.” आप्पांनी दंड पुढे केला आणि नंतर काकूंना सांगितले, “ह्यो गडी लांबट चेंडूचा दिसतो. कुठं उसळंल, भरवसा नाय.”

आप्पा पूर्वी कर्जत स्टेशनात आगगाडीच्या इंजिनावर कोळसा मारायच्या कामाला होते. घाट चढायच्या आधी गाडीला मागून ढकलायला इंजिने जोडतात, त्यांपैकी एकावर. पुढे ड्रायव्हरशी भांडण झाले आणि रागाच्या भरात हा माणूस मुंबईच्या गोदीत जाऊन गोऱ्यांच्या बोटीवर आगवाला म्हणून चढला. आगवाला म्हणजे बोटीच्या तळघरात भट्टीपुढे उभा राहून कोळसा फेकणारा. लवकर परत येतो असे सांगून गेलेला माणूस लढाईत अडकला, आणि बोट नेईल त्या देशाला जात राहिला. त्याने जगातली मोठमोठी शहरे पाहिली, पण एकाही शहरातली इमारत, पुतळा किंवा राजवाडा त्याच्या ध्यानात राहिला नाही. बोट बंदराला लागली की हा किनाऱ्यावर उतरायचा आणि विचारायचा, “इथं चेंडू कुठं खेळतात?”

त्यांच्या ओटीवर खुंटीला कंदिलाशेजारी एक कातडी चेंडू टांगलेला असे. दोन्ही टोकांना निमुळता, पपईसारखा. आतला रबरी फुगा कधीच कुजून गेला होता, म्हणून पोटात पेंढा भरलेला. काकूंचा त्या चेंडूवर डोळा होता. “चांगल्या दोन वहाणा निघतील ह्यातून,” असे त्या आल्यागेल्याला सांगत.

संध्याकाळी शाळेतून आलो की आप्पा मला बोलावत आणि देशोदेशींचे खेळ समजावून सांगत. मध्ये मध्ये खोकल्याची उबळ यायची. बोटीवरचा कोळसा अजून छातीत आहे, असे ते म्हणत.

“इंग्रजांचा गोल चेंडू म्हंजे सोवळ्यातला खेळ, मास्तर. हात लावायचा नाय म्हंजे नाय. हात लागला की शिट्टी. आख्ख्या गावात एकटा गोल राखनारा तेवढा ओवळा.”

“आणि अमेरिकेत?”

“तितं चेंडू लांबट. पन खेळ कमी, मसलत जास्ती. धावले, आपटले, उठले, की लागले कुजबुजायला. आपल्या भावकीच्या बैठकीवानी. आयरिश मान्साचं येगळं. त्याला कुनी नाय म्हनलेलं खपत नाय. म्हनून हात बी चालतो, पाय बी चालतो. आडव्या दांडीच्या खालून मारला तरी गुन, वरून मारला तरी गुन.”

वेल्स देशाबद्दल मात्र ते जपून बोलत. तिथे कार्डिफला बोटी कोळसा भरायला थांबतात. खाणीतले काळे झालेले लोक शनिवारी आंघोळ करून चिखलात उतरतात आणि पुन्हा काळे होतात, हे पाहून आप्पांना ते आपल्यातलेच वाटले होते. खुंटीवरचा चेंडू तिथलाच.

पण त्यांचा खरा जीव मेलबर्नवर. तिथे म्हणे मैदानाच्या टोकाला चार खांब असतात. मधल्या दोहोंतून चेंडू गेला तर पुष्कळ गुण. पण नेम चुकला आणि चेंडू बाजूच्या फटीतून गेला, तरी एक गुण देतात.

“हुकल्याचा एक! असा दयाळू देश दुसरा बघितला नाय मी. मास्तर, तुमीबी पोरांना हुकल्याचा एक देत जा.”

“इन्स्पेक्टर विचारील ना, आप्पा.”

“त्याला सांगा, मेलबर्नात देतात.”

मेलबर्नचा खेळ आपल्या मुलखाला सोयीचा, असा आप्पांचा सिद्धांत होता, आणि त्याला कारण भाताचे खाचर. इंग्रजांचा चेंडू जमिनीवरून जातो. आपल्याकडे प्रत्येक खाचराला बांध. चेंडू चार हात गेला की बांधाला अडला. तेव्हा चेंडू हवेतून मारायचा आणि उडी घेऊन झेलायचा, हे इथे शहाणपणाचे. ऐकायला हे पटते. मलाही पटले होते.

एका माघात भाताचे खाचर मोकळे पडल्यावर त्यांनी कर्जत आणि खालापूर असा सामना भरवला. काकूंचे माहेर खालापूरचे. त्यांचे भाऊ राघूमामा दोन बैलगाड्या भरून गडी घेऊन आले. आमच्या बाजूला रेल्वेतले खलाशी, दोनचार शेतकरी आणि मोळी विकायला खाली आलेला ठाकूरवाडीचा चांगो. पंच अर्थातच आप्पा. चांगोने एकदा अशी उडी घेतली की चेंडू आभाळातून तोडून आणावा तसा आणला.

“मेलबर्नात असतास तर खांद्यावर घेऊन नाचवला असता रं तुला!” आप्पा ओरडले.

“मंग माजी मोळी कोन नेनार?” चांगो म्हणाला.

पण खालापूरचे गडी इंग्रजांचा सोवळ्यातला खेळ शिकून आले होते. चांगोच्या हाताला चेंडू लागताच ते सगळे कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. “हात लागला! हात लागला!” आप्पा म्हणाले, “हात लागला म्हनूनच तर झेल झाला!” एका गावाचे नियम एक, दुसऱ्या गावाचे दुसरे. यांनी झेलला की ते ओरडत, त्यांनी बांधावरून घासत नेला की हे हसत. शेवटी राघूमामांनी स्वतः धावत येऊन एक सणसणीत लाथ मारली. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. आप्पांनी मोठ्या आनंदाने हात वर केला.

“खालापूर, हुकल्याचा एक!”

मामांचा चेहरा लाल झाला. “दाजी, हुकलो ते हुकलो. त्येचा डांगोरा पिटता व्हय? चार गावांत आमची लाज काढायला बोलावलंत?”

“अवो, गुन देतोय तुमाला!”

“दान नको आमाला!”

बैलगाड्या जेवणाला न थांबता परत गेल्या. काकूंनी केलेली तांदळाची खीर आम्ही पुढे दोन दिवस खाल्ली. त्या वर्षी भाऊबीजेला खालापूरहून कुणी आले नाही. कर्जतला पुन्हा सामना झाला नाही.

आप्पा त्यानंतर उदास झाले, असे मला वाटले. पण दर रविवारी सकाळी ते सुजलेला पाय ओढत भिवपुरीच्या वीजघराकडे जात. तिथल्या साहेबाने नोकरांचा संघ बांधला होता आणि क्वार्टर्समागच्या पटांगणात गोल चेंडूचे सामने होत. “किती वाईट खेळतात ते बघायला जातो,” असे ते सांगत. पाच-सहा मैल चालत जाऊन वाईट खेळ पाहणारा माणूस मला चमत्कारिक वाटे.

एका शनिवारी काकू माझ्या दाराशी आल्या. पदर डोळ्यांना लावला नव्हता, पण आवाज नेहमीचा नव्हता.

“मास्तर, उद्या ह्यांच्यासंगं भिवपुरीला जाल का? आमचा महादू तितल्या वीजघरात हाय, गुरुवारी लांब चाललाय. मद्रासकडं कुठं नवीन वीजघर बांधतायत, तितं.”

शेजारी राहून दीड वर्ष होत आले होते, आणि आप्पांना मुलगा आहे हे मला त्या दिवशी कळले.

काकूंनी उंबऱ्यावर बसून सगळे सांगितले. आप्पा बोटीवर गेले तेव्हा महादू आठ वर्षांचा होता. येताना चेंडू आण, एवढेच त्याने बापाला सांगितले होते. बापाने प्रत्येक बंदरात चेंडू पाहिले. इंग्रजांचा घ्यावा तर आयरिश बरा वाटे, तो घ्यावा तर मेलबर्न आठवे. पोराला कुठला आवडेल, ते ठरेना. ठरवता ठरवता लढाई संपली. अखेर कार्डिफला लांबट चेंडू घेऊन बाप कर्जतच्या फलाटावर उतरला, तेव्हा समोर मिसरूड फुटलेला, बापाइतका उंच मुलगा उभा होता.

“ह्यांनी चेंडू त्याच्या हातात दिला,” काकू म्हणाल्या. “त्यानं तो अलगद खाली ठेवला, नि ह्यांची ट्रंक उचलली. वाईट नाय हो तो. बापाला वझं नको म्हनून उचलली. पन तवापासून दोघांत बोलनं म्हंजे, पाऊस हाय का, हाय. जेवलास का, जेवलो. ह्यांला त्याला इचारायचं हाय, तुला कुठला पायजे हुता म्हनून. इतकी वर्सं झाली, तोंडातून निघत नाय. जगाला इचारतात, त्याला नाय.”

त्या सुमारास मी मुंबईला जाऊन आलो होतो आणि आप्पांच्या सांगण्यावरून चेंडूत घालायला एक रबरी फुगा आणला होता. दुकानदाराकडे गोल चेंडूचाच फुगा होता. त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही पेंढा काढून तो आत घातला, सायकलच्या पंपाने हवा भरली आणि टाके घातले. चेंडू मधोमध फुगला, टोके सुरकुतून आत गेली. ना गोल, ना लांबट.

“आता हा कुठल्या देशाचा, आप्पा?”

त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला. “आता ह्यो कर्जतचा,” ते म्हणाले, आणि कापडी पिशवीत घालून उशाशी ठेवला.

रविवारी धुके होते. निम्मी वाट मिठाच्या बैलगाडीतून गेलो, निम्मी पायी. पिशवी त्यांनी मला धरू दिली नाही. पटांगणाभोवती साहेबासाठी खुर्ची, बाबूंसाठी बाके होती. आप्पा तिकडे गेले नाहीत. ते सरळ एका गोलाच्या खांबांमागे जाऊन उभे राहिले. ती त्यांची ठरलेली जागा असावी, कारण तिथले गवत झिजलेले होते.

गोल राखायला उंच, खांद्यात थोडा वाकलेला एक तरुण होता, महादेव, म्हणजे काकूंचा महादू. वळून न पाहताही त्याला कळले की बाप आला आहे. आप्पा तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. “डावीकडं... डावीकडं सरक... हां.” तरुण डावीकडे सरकत होता. ते ऐकून सरकत होता की आपल्या बुद्धीने, हे मला सांगता यायचे नाही.

मधल्या सुट्टीत तो पाणी प्यायला गोलामागे आला.

“आई बरी आहे?”

“बरी हाय.”

“पाय?”

“बरा हाय.”

मग दोघेही पाण्याच्या मडक्याकडे पाहत उभे राहिले. मला त्या शांततेची ओळख पटली. माझे वडील पोशीरला भात पिकवतात. मी बी. ए. झाल्यापासून ते मला ‘तुमी’ म्हणतात. मी घरी गेलो की बाजेवरून उठून उभे राहतात आणि “बसा” म्हणतात. त्यांच्या कष्टांवर मी शिकलो, आणि त्या शिक्षणानेच त्यांना माझ्यासमोर उभे केले.

सामना संपला. वीजघराचा संघ हरला. लोक पांगले. महादेव अंगावरचा घाम पुसत आला आणि म्हणाला, “गुरुवारी दुपारच्या गाडीने निघतो. कर्जतला गाडी थांबेल, तेव्हा आईला घेऊन या.”

“व्हय.” आप्पांनी पिशवीचे तोंड मुठीत धरले, सोडले, पुन्हा धरले. मग खोकले. “महादू, मी बोटीवर गेलो तवा तू चेंडू आनायला सांगितलं हुतंस. कुठला मनात हुता रं तुझ्या? गोल का लांबट?”

महादेव त्यांच्याकडे पाहत राहिला. तो मनापासून आठवायचा प्रयत्न करीत होता, हे त्याच्या कपाळावरून दिसत होते.

“मी? मी चेंडू आणायला सांगितलं होतं?”

“नाय, नाय,” आप्पा घाईने म्हणाले. “आपलं असंच इचारलं.”

पिशवी उघडली गेली नाही. परतीच्या वाटेवर बैलगाडी मिळाली नाही. आप्पा पाय ओढत पुढे चालत राहिले. भिसेगावची घरे दिसू लागली तेव्हा ते थांबले, काठीवर भार देऊन डोंगराकडे पाहत म्हणाले,

“मेलबर्नात असतो तर एक मिळाला असता.”

गुरुवारी आम्ही तिघे फलाटावर होतो. काकूंच्या हातात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. आप्पांच्या बगलेत चेंडू, या वेळी पिशवीशिवाय. लोक हसत होते, त्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. ज्यांनी कर्जत स्टेशन पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की घाट चढणारी प्रत्येक गाडी इथे थांबते. मागून ढकलणारी इंजिने जोडल्याशिवाय ती हलत नाही. आता ती विजेची आली आहेत, कोळसा गेला, पण थांबणे गेलेले नाही. निरोपाला आलेल्यांना तेवढा वेळ जास्तीचा मिळतो. बोलायचे संपलेले लोक त्या वेळात फार अवघडून उभे असतात.

महादेवची बायको आत जागा धरून बसली होती. महादेव दारात उभा होता. काकूंनी भाकऱ्या दिल्या, तब्येतीला जप म्हणून सांगितले, डोळे पुसले. मागे इंजिन लागल्याचा धक्का बसला.

महादेवने एकदम विचारले, “आप्पा, तो वेल्सचा खेळ कसा असतो?”

जगात इतक्या लोकांना आप्पांनी आपण होऊन खेळ समजावले होते. त्यांनी सुरुवात करण्याआधीच खेळ विचारणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग ते पुढे सरसावले, सुजलेल्या पायाने पायरीवर चढले.

“ह्यो बघ. पंधरा गडी असतात. चेंडू असा घ्यायचा. असा नाय रं, बगलंत. हां, कोपर आत. छातीशी. आता कुनी पाय धरला तरी सोडायचा नाय. नि मंग पळत सुटायचं पुढं...”

“पुढे,” महादेव म्हणाला. चेंडू त्याच्या बगलेत होता.

“पुढं. पन एक ध्यानात ठेव...”

शिट्टी झाली. काकूंनी आप्पांचा सदरा धरून त्यांना खाली ओढले. गाडी हलली. महादेव दारातच होता, बगलेत ते बेढब कातडे घट्ट धरून. त्याने हात वर केला तो दुसरा. वळणापर्यंत तो तसाच दिसत होता.

“अवो, चेंडू गेला की!” काकू म्हणाल्या.

“जाऊ दे,” आप्पा म्हणाले.

त्या शनिवारी मी पोशीरला गेलो. वडील बाजेवरून उठले. मी त्यांना बसवले आणि खाली त्यांच्या पायाशी बसून विचारले, “दादा, बियाण्याचं भात कसं निवडता तुम्ही?” त्यांना पहिल्यांदा थट्टा वाटली. मग त्यांनी मूठभर भात तळहातावर घेऊन सांगायला सुरुवात केली, आणि सांगता सांगता म्हणाले, “असं नाय रं, हलक्या हातानं फुंकर घाल.”

रविवारी संध्याकाळी परत आलो तेव्हा आप्पा ओटीवर एकटेच होते. पाय पाटावर होता. काकूंनी चेंडूच्या खुंटीला त्यांचा ओला सदरा वाळत घातला होता. मी समोर बसलो. ते त्या दिवशी भिवपुरीला गेले नव्हते. ते खुंटीकडे पाहत होते.

“घोटाळा झाला, मास्तर.”

“काय झालं, आप्पा?”

“मुख्य नियमच त्याला सांगायचा राह्यला. पळायचं पुढं, पन चेंडू हातानं पुढं द्यायचा नसतो. मागं जो धावत येतो ना, त्याच्याच हातात द्यायचा.”